सूर कुणाची बाजू घेतो?

श्रोतेहो, नमस्कार.

संगीत माणसं जोडतं, असं आपण सगळेच सहज म्हणून जातो. माझा या वाक्यावर फारसा भरवसा नाही. रणभेरी हेही वाद्यच, आणि पलटणी आजही बँडच्या तालावर पावलं टाकतात. सूर मुकाट असतो, बाजू घेतो तो वापरणारा.

याचा सगळ्यात कडू दाखला रेडिओचाच आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात बहुसंख्य हुतू समाजातल्या अतिरेक्यांनी अल्पसंख्य तुत्सी समाजाचं हत्याकांड केलं. त्या वेळी आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तिथं भलतंच लोकप्रिय होतं, चटकदार गाण्यांमुळे आणि गप्पांच्या ढंगामुळे. दोन गाण्यांच्या मध्ये विष पेरलं जायचं, मारायच्या माणसांची नावंसुद्धा सांगितली जायची.

पण गोष्ट तिथं संपत नाही. २००४ मध्ये त्याच देशात रेडिओवर ‘मुसेकेवेया’, म्हणजे ‘नवी पहाट’, ही नाट्यमालिका सुरू झाली. दोन गावांचं पेटलेलं वैर, आणि त्या वैरातही एकमेकांवर जीव जडलेले एक मुलगा, एक मुलगी. संवादांत हुतू-तुत्सी ही नावं मुद्दाम घेतलेली नव्हती. अर्थात, ऐकणाऱ्यांना सांगायची गरजही नव्हती.

एलिझाबेथ लेव्ही पॅलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या मालिकेचा परिणाम तपासला. काही गटांना ही मालिका, तर काहींना आरोग्यावरची दुसरी एक मालिका वर्षभर एकत्र बसवून ऐकवली. लोकांच्या मनातली मतं फारशी हलली नाहीत. हललं ते दुसरंच: चारचौघांत काय बोललेलं चालतं, कुणाशी कसं वागलेलं खपतं, याचा अंदाज. अखेरीस प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि बॅटऱ्या भेट दिल्या. हा ठेवायचा कुणाकडे? आरोग्याची मालिका ऐकणाऱ्यांनी साधारणपणे गावच्या पुढाऱ्याचं नाव घेतलं आणि विषय मिटवला. ‘मुसेकेवेया’ ऐकणाऱ्यांकडेही तीच सूचना आली, पण तिथं कुणीतरी म्हणायचं, नाही, आपण सगळे मिळून सांभाळू. मग चर्चा व्हायची. जिथं हुकूम झाला की मान डोलवायची सवय जिवावर उठली होती, तिथं हा ‘नाही’ मला कुठल्याही शांतिगीताहून मोलाचा वाटतो.

पियानोवादक आणि वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी वंशाचे विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ साली जर्मनीतल्या वायमारमध्ये इस्रायली आणि अरब तरुणांना एका वाद्यवृंदात आणलं, तेही याच जातीचं काम. एकाच स्टँडवर ठेवलेली स्वरलिपी दोघांनी वाचायची, पान एकानं उलटायचं. शेजारच्याचा गज कुठं चाललाय हे न ऐकता वाजवलं, की बेसूर झालंच! त्यानं युद्ध थांबलं नाही. तालमी सुटल्यावर राजकारणावरून कडाक्याचे वाददेखील व्हायचे.

तेव्हा शांततेसाठी कार्यक्रम बसवणाऱ्या मंडळींना माझी एकच विनंती आहे. भाषणं आणि सत्कार कमी करा, त्या वेळात मिश्र गटांच्या तालमी वाढवा. आणि प्रयोग संपला की लगेच खुर्च्या उचलू नका. लोकांना बसू द्या, बोलू द्या, भांडायचं असेल तर भांडूही द्या.

नमस्कार.