रोड सोडा, मौजा विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या पुण्याहून नागपूरला आला. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, आता इथंच घर घ्यायचं म्हणाला. हातात पाच-सहा रंगीत पत्रकं होती. 'काका, यातला कोणता एरिया चांगला?' मी पत्रकं चाळली. एक 'वर्धा रोड टच', एक 'वर्धा रोडपासून पाच मिनिटं', एक 'एम्सजवळ', एक 'समृद्धीच्या तोंडाशी'. मोबाइलवर नकाशा उघडून बोट ठेवलं, तर त्यातला एक प्लॉट इतका आत निघाला की तिथून उमरेड रोड जवळ पडला असता. नागपूरच्या जाहिरातींत वर्धा रोड आता रस्ता राहिला नाही, विशेषण झालाय.

मी म्हटलं, 'हे सगळं ठेव बाजूला. फोन लाव आणि एकच विचार, मौजा कोणता?'

त्यानं हा शब्दच ऐकला नव्हता. मौजा म्हणजे महसुली दप्तरातलं मूळ गाव. सोमलवाडा, जयताळा, मानेवाडा, दिघोरी, वाठोडा ही एकेकाळची गावंच. शहर पसरत त्यांच्यावर गेलं. आज तिथं इंग्रजी नावांच्या कमानी उभ्या आहेत, पण विक्रीपत्रात अजूनही लिहावं लागतं मौजा अमुक, पटवारी हलका, म्हणजे तलाठ्याचं क्षेत्र, नंबर इतका, खसरा, म्हणजे जमिनीचा तुकडा, नंबर तितका. पत्रकावर काहीही छापता येतं. मौजा आणि खसरा मात्र सरकारी दप्तराशी ताडून पाहता येतो, म्हणून दलाल ते सांगायला जरा कां-कूं करतात.

मी 31 वर्षं बँकेत होतो. त्यातली बरीचशी गृहकर्जाच्या टेबलावर गेली. दुसऱ्यांची कागदपत्रं तपासून सह्या करणारा हा माणूस स्वतःच्या वेळी कसा फसला, तेही सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको.

1994 साली उमरेड रोडच्या बाजूला एका गृहनिर्माण संस्थेनं ले-आऊट टाकलं होतं. ऑफिसातल्या चौघांनी घेतले, म्हणून मीही 1500 फुटांचा प्लॉट घेतला. चुन्यानं आखलेल्या रेघा, कोपऱ्यात चार दगड, आणि संस्थेचं गुळगुळीत कागदावरचं प्रमाणपत्र. जमीन शेतीची होती, अकृषक झालेली नव्हती, ले-आऊट मंजूर नव्हतं. 'होऊन जाईल साहेब' या तीन शब्दांवर मी पैसे मोजले. पुढं कळलं की शेजारचा प्लॉट संस्थेनं दोघांना विकला आहे, आणि माझ्या प्लॉटचा एक कोपरा नियोजित रस्त्यात जातो. दगड मात्र चारही शाबूत होते.

इथं नागपूरची एक खास गोष्ट येते, आरएल. बाहेरगावच्या माणसाला हा शब्द कोड्यासारखा वाटतो. आपल्याकडे नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे लोकांची एनआयटी, 1936 च्या कायद्यानं उभी राहिली. शहरातल्या ज्या ले-आऊटांत मंजुरीशिवाय प्लॉट विकले गेले, ती राज्याच्या 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायची वाट निघाली. प्रन्यास डिमांड पाठवते, ती भरली की प्लॉट मोकळा केल्याचं पत्र मिळतं. तेच रिलीज लेटर, म्हणजे आरएल. ते असलं की नकाशा मंजूर होण्याचा आणि बँकेनं कर्ज देण्याचा रस्ता खुलतो. नसलं तर प्लॉटच्या जागी फक्त जमिनीचा तुकडा आणि आशा उरते. मला ते पत्र 2009 साली मिळालं. पंधरा वर्षं.

तर दलालाला आरएलबद्दल विचारा आणि तो क्रियापद कोणतं वापरतो तिकडे लक्ष द्या. 'काकाजी, आरएल येऊन राहिली न, दोन महिन्यांत हातात!' येऊन राहिली म्हणजे आलेली नाही. आमच्या बोलीत हे 'राहिली' फार लांबलचक असतं; त्यात पोरं बारावी पास होतात.

शहराच्या हद्दीबाहेर कारभार वेगळा. 2017 पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, एनएमआरडीए, आसपासच्या 700 हून अधिक गावांचं नियोजन पाहतं. तुमचा मौजा महापालिकेत आहे, नगरपंचायतीत आहे की ग्रामपंचायतीत, यावर नळाला पाणी कोण देणार, कचरा कोण उचलणार, नकाशा कोण मंजूर करणार हे ठरतं. रस्त्याच्या एका बाजूला नळाला पेंच धरणाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला टँकर, असं चित्र बेसा-बेलतरोडीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. हुडकेश्वर-नरसाळा आधी बाहेर होते, मग महापालिकेत आले. म्हणजे सीमा सरकते. पण ती आपल्या गृहप्रवेशाच्या मुहूर्ताला सरकेल, या भरवशावर कुणी बयाणा देऊ नये.

आता कोणी म्हणेल, कागद चोख आहेत, जुनी वस्ती आहे, म्हणजे झालं. तर 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरात शिरलं. या काही शहराबाहेरच्या, रेघा आखलेल्या वस्त्या नव्हेत. शहरातल्या महागड्या, कागदोपत्री नीटनेटक्या वस्त्या. लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात पाय ठेवून. त्या दिवशी मी धरमपेठेत एका मित्राकडे गेलो होतो, फ्रिज दिवाणखान्यात आडवा तरंगत होता. मित्राला कागद कसले विचारता.

आपलं शहर ज्या नदीच्या नावानं ओळखलं जातं तिला आपण नाला म्हणू लागलो, हीच पहिली चूक. पिवळी नदी, पोहरा नदी यांचंही तेच. पण पाण्याला नावाचं काही नसतं, ते जुन्या वाटेनं येतं. म्हणून प्लॉट असो की फ्लॅट, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर मौजाचा नकाशा काढून पाहावा. फुकट दिसतो. त्यात वाहळ, नाला, पांधण दाखवलेली असते. तुमच्या खसऱ्याला नाला खेटून असेल आणि जागेवर तो दिसत नसेल, तर तो गेला कुठं? गेला नाही. मुरमाखाली आहे.

आणि नकाशा वाचता येत नसेल तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जा. पुतण्याला घेऊन मी तसाच गेलो होतो, मनीषनगरच्या पलीकडे. पान लावता लावता मी सहज विचारलं, 'भाऊ, पावसाळ्यात इकडे बरं असते न?' तो म्हणाला, 'बरं असते, पण मी ठेला तिकडे सरकवतो.' आणि हातानं दाखवलं, रस्त्याच्या चढावर. पुतण्याच्या यादीतली इमारत उताराच्या बाजूला होती. पार्किंग तळघरात.

मातीचंही सांगायला हवं. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व टोकावर आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, पूर्वेकडे जुना ग्नाइस खडक. मधे-मधे आणि दक्षिणेच्या बाजूला जाड काळी माती. कापसाला उत्तम, घराला अवघड. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर तिसऱ्या वर्षी भिंतीला तिरकी चीर जाते. बांधकाम चालू असताना खड्डा किती खोल गेला ते स्वतः जाऊन पाहा. रंग लागल्यावर सगळी घरं सारखीच दिसतात. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरनं स्वखर्चानं करायची, असं रेरा कायदा सांगतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं, ते गुपचूप पुट्टी भरून घेतात. त्याच कायद्यानं नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डर चाळीस टक्के रोख मागत असेल, तर पुढं ऐकायचीही गरज नाही.

आता ऊन. मे 2013 मध्ये नागपूरला पारा 47.9 अंशांवर गेला होता. आपण सगळे 46 ला 'आज बरं आहे' म्हणणारे लोक, तरी घर बघायला जातो कधी? रविवारी सकाळी नऊला, दिवाळीनंतर, स्वेटर घालून. मग सर्वात वरचा मजला आवडतो, गच्ची आपलीच, फुटाळा तलावाकडचं वारं. मी सांगतो, वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात रात्री दोनपर्यंत निवत नाही. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावून पाहा, तव्यासारखी असते.

दुसरं, कूलर. हल्ली इथं जे फ्लॅट बांधतात त्यांचे नकाशे पुण्या-मुंबईचे. खिडकीला सरकत्या काचा, बाहेर सज्जा नाही, कूलर ठेवायला घोडी लावायची तर सोसायटी म्हणते दर्शनी भाग बिघडतो. कूलरला मागून कोरडी हवा आत यायला आणि खोलीतली दमट हवा पलीकडून बाहेर जायला वाट लागते. समोरासमोर खिडक्या नसतील तर कूलर दमट भपकारा सोडतो आणि माणूस रडकुंडीला येतो. मग प्रत्येक खोलीत एसी, आणि जूनचं वीजबिल. माझं मत विचाराल तर नागपुरात घर पाहताना स्वयंपाकघराच्या ओट्याआधी कूलरची जागा पाहावी. आर्किटेक्ट मंडळी रागावतील, रागावू द्या.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. मेट्रो चांगलीच आहे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या मार्गांवर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत घर असेल तर पेट्रोल वाचतं. दुसऱ्या टप्प्यात ती कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जायची आहे. पण आजच्या भावात उद्याच्या स्टेशनचे पैसे आधीच घातलेले असतात, हे ध्यानात ठेवा. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला घर पाहणार असाल तर पावसाळ्यातल्या संध्याकाळी, वारं सुटल्यावर जा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे गेलात तर गच्चीवर बोट फिरवून बघा, राखेचा थर किती आहे ते. आणि रजिस्ट्री घरच्या बाईच्या नावानं केली तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्या शेजाऱ्यांनी पन्नास लाखांच्या फ्लॅटवर पन्नास हजार वाचवले आणि भांडणात कोण घराबाहेर जाणार हा प्रश्नही सुटला.

हे झालं राहायच्या घराचं. दुसरं एक खूळ हल्ली नागपूरकरांत फार आहे, सुट्टीच्या घराचं. पेंचच्या जंगलाजवळ फार्महाऊस, रामटेकला खिंडसी तलावाच्या काठी प्लॉट, नाही तर थेट चिखलदरा. माझ्या साडूनं पेंचच्या रस्त्याला 'फार्म प्लॉट' घेतला. सातबारा पाहिला तर त्यावर सतरा नावं, साडूचं तेरावं. कोणता तुकडा कोणाचा, ते फक्त विकणाऱ्याच्या वहीत. शिवाय आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भासाठी तर 1958 चा स्वतंत्र कुळकायदाच आहे. तुमच्या नावावर शेती नसेल तर आधी तेवढं निस्तरा. जंगलाच्या कडेला गेलात तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची बंधनं येतात. वाघ दिसावा म्हणून घर बांधायचं आणि वाघामुळेच परवानगी मिळायची नाही, अशी गत.

चिखलदऱ्याचं आकर्षण मी समजू शकतो. विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण, 1100 मीटरच्या आसपास उंची, श्रावणातलं धुकं. पण नागपूरहून अमरावती, परतवाडा, मग घाट, अशी सव्वादोनशेच्या वर किलोमीटरची वाट आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाल तर पोचाल मध्यरात्री. पावसाळ्यात बंद घराच्या भिंतींना बुरशी धरते, गाद्या ओलसर होतात, आणि पहिला दिवस झाडण्यात, दुसरा वाळवण्यात जातो. जमीन घेताना मूळ खातेदार आदिवासी आहे का ते पाहायलाच हवं. सरकारी परवानगीशिवाय तसा व्यवहार टिकत नाही, आणि तो टिकू नये असंच माझं मत आहे. वर्षात पाच दिवसांसाठी घर पाळण्यापेक्षा ते पाच दिवस पर्यटन महामंडळाच्या निवासात राहावं. चादर त्यांची, बुरशीही त्यांची.

पुतण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही तीन रविवार नव्हे, तीन दुपारी फिरलो, डोक्याला दुपट्टा बांधून, माझ्या स्कूटरवर. त्याच्या पत्रकांतली चार ठिकाणं मौजा विचारल्यावरच गळाली. पाचव्या ठिकाणी आरएल 'येऊन राहिली' होती. शेवटी त्यानं त्रिमूर्तीनगरात एका वीस वर्षं जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. मिहान थोडं लांब पडतं, त्याची बायको अजून जरा नाराज आहे, फोटोत घर काही खास दिसत नाही. पण पूर्वेला आणि उत्तरेला खिडक्या आहेत, वर अजून एक मजला आहे, आणि आधीच्या मालकानं उत्तरेच्या खिडकीबाहेर कूलरसाठी भक्कम लोखंडी घोडी ठोकून ठेवली आहे. मी हलवून पाहिली. हलली नाही.

येत्या मे महिन्यात जेवून दुपारी तिथं झोपायला जाणार आहे. नमस्कार.