अगं, दोर धर

(पुण्याचा लकडी पूल, पहाट. नदीचा आवाज.)

ही मुठा. आज कशी शहाण्यासारखी चाललीय. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि हिचं पाणी काठच्या पेठांत घुसलं. नारायण पेठेतल्या या भिंतीवर त्या दिवसाची रेघ अजून आहे. हात उंचावून बघा.

(रेघ. खाली टेबल, वही, चष्मा.)

रेघेखाली बसून या बाई कादंबरी लिहितायत. नाव सांगायचं नाही, अशी त्यांची अट.

कादंबरीत नदी सगळं बुडवते आणि ओसरताना माणसांची नाती घेऊन जाते. भांडीकुंडी जागच्या जागी, पण आई, मावशी, वहिनी हे शब्दच कुणाच्या तोंडात उरत नाहीत. पडक्या वाड्यात एक म्हातारी आणि एक पोरगा. पोराला तिला हाक मारायचीय. काय म्हणून?

(वहीचं पान, जवळून.)

‘आजी’ खोडलंय. ‘अहो’ खोडलंय. ‘म्हातारे’ तर दोनदा. एका हाकेपायी अख्खा पावसाळा गेला. त्या मंडईत जाऊन नुसत्या ऐकत बसायच्या. भाजीवाली दिसेल तिला ताई म्हणते, रिक्षावाल्याला आपण काका म्हणतो, चौकातला पोलीस तर साऱ्या गावाचा मामा! यातलं रक्ताचं कुणीच नाही.

प्रलयानंतरची गोष्ट म्हटलं की आपल्याला राक्षस आणि तलवारी हव्या असतात. खरं सांगायचं तर आम्हीही तेच चित्रित करायला आलो होतो. पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला मनू आठवा. माशानं नाव उत्तरेच्या डोंगरापाशी नेली, पाणी ओसरलं, हा एकटा उरला. त्यानं पाण्यात तूप-दह्याची आहुती दिली. वर्षानं त्यातून एक स्त्री वर आली. मनूनं विचारलं, तू कोण? ती म्हणाली, तुझी मुलगी.

इंग्रज लेखिका मेरी शेलींनीही १८२६मध्ये साथीनं ओस पडलेलं जग लिहिलं, ते नवरा आणि कविमित्र बायरन दोघेही गेल्यावर. कादंबरीत ते दोघं वेगळ्या नावांनी वावरतात.

(वाड्यातला आड. दगडावर दोराचे चरे.)

पुरानंतर शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा असे जुने आड आणि हौद पुन्हा कामी आले. बाईंनी हा आड जसाच्या तसा कादंबरीत घेतलाय. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं दोर सावरायचा.

पूरग्रस्तांना पुढे गोखलेनगरसारख्या वसाहतींत घरं मिळाली, वाड्यांतले शेजार पांगले. हस्तलिखित दोन प्रकाशकांकडून परत आलंय. ‘लहान मुलांसाठी आहे का?’ असं एकानं विचारलं.

(पुन्हा पान.)

खाडाखोडीच्या खाली, आडाच्या प्रसंगात, पोराचं एकच वाक्य ठेवलंय : ‘अगं, दोर धर.’

(आड. दोर ओढला जातो. निवेदन नाही.)