नवा बर्फ कशावर पडला?

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारीत आभाळ भरून आलं की काटोल-नरखेडकडच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. मृग बहाराची संत्री झाडावर असतात आणि गारा काही विचारून पडत नाहीत. या ढगांमागे पुष्कळदा पश्चिमी विक्षोभाचा हात असतो. भूमध्य समुद्राकडून आलेला हा वादळी हवेचा पट्टा हिमालयात मात्र बर्फ ओततो, आणि नेमके त्याच दिवसांत आपण नागपूरकर मनाली-गुलमर्गला निघालेले असतो.

हॉटेलवाल्याला आपण फोनवर विचारतो, "बर्फ किती पडला?" विचारायला हवं ते वेगळंच. नवा बर्फ पडला तो कशावर? कारण हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फ घसरून कोसळण्याचा धोका त्यावरही ठरतो.

हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खाली जमिनीची ऊब, वर कडाक्याची थंडी. त्यामुळे थरातली वाफ वर सरकत राहते आणि तळाशी मोठे, सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर वादळाचा बर्फ दाबून बसला, की कोरड्या साबुदाण्यावर फरशी ठेवल्यासारखी गत होते. ताजा भुसभुशीत बर्फसुद्धा घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो. त्यात वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडे नेऊन टाकतो, म्हणजे तिथला भार आणखी वाढला. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर मग वरचा थर तुटून घसरायला एका माणसाचं वजनही पुरतं. हिमस्खलनात सापडलेल्या स्कीअर-गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने तोडलेला असतो.

वादळात कुणी बाहेर पडत नाही. खरा फसवा असतो तो नंतरचा दिवस: लख्ख ऊन, निळं आकाश आणि हातात मोबाइल. रीलसाठी चार पावलं वर चढणाऱ्यांना कोण आवरणार!

आणि हे फक्त जानेवारीपुरतं नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे उत्तराखंडात माना गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार हिमस्खलनात अडकले, त्यातले ८ गेले. त्यांना तर तिथे राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपण हौसेने जातो.

घसरलेला बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो, आतून हातही हलवता येत नाही. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर आशा असते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही, जे काही करायचं ते सोबत्यांनीच.

डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संघटनेची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याआधी ते बघा. आणि दिल्लीहून परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा. गाडी चुकायची धास्ती नसली, की रस्ता बंद असताना ड्रायव्हरदादांच्या मागे "चला ना, काही होत नाही" असा लकडा लावायची वेळ येत नाही.