ऑनेस्ट इयागो

श्रोतेहो, नमस्कार.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातला इयागो किती पाण्यात आहे, ते पहिल्याच प्रवेशात आपल्याला कळतं. मी दिसतो तसा नाही, असं तो स्वतःच सांगून टाकतो. तरी पुढे नाटकभर जो तो त्याला 'ऑनेस्ट इयागो' म्हणत राहतो. विल्यम एम्पसन या इंग्रज समीक्षकानं १९५१ सालच्या पुस्तकात मोजदादच दिली आहे: 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' मिळून ५२ वेळा!

आपण शाळेत पाठ केलं, ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक. पण १६०४ साली राजा जेम्सच्या दरबारात हे नाटक झालं, तेव्हा या शब्दाचा पसारा मोठा होता. खरं बोलणारा ऑनेस्ट, निष्ठावंत ऑनेस्ट, आडपडदा न ठेवणारा गडीही ऑनेस्ट. शिवाय त्यात थोडा वरचढपणा असे. वरच्या हुद्द्यावरच्यानं हाताखालच्याची पाठ थोपटत 'भला माणूस आहे हो' म्हणावं, तसा. इयागो सेनापती ऑथेल्लोच्या फौजेतला निशाणबरदार. ज्या जागेवर त्याचा डोळा होता, ती कॅसिओला मिळाली. आता तोच कॅसिओ त्याला 'ऑनेस्ट' म्हणतो, तेव्हा इयागोला आतून काय होत असेल? मला तर वाटतं, अंगाची लाहीलाही होत असेल.

बाईच्या बाबतीत मात्र हा शब्द बहुतेक एकाच गोष्टीवर येऊन थांबे: तिचं शील.

आता तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश पाहा. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना आणि कॅसिओ यांच्याविषयी इयागो त्याच्या मनात संशय पेरतो आहे. ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ ऑनेस्ट नाही का? इयागो उत्तर देतच नाही, नुसता शब्द परत करतो. 'ऑनेस्ट, महाराज?' ऑथेल्लो म्हणतो, 'ऑनेस्ट? हो, ऑनेस्ट!' इयागोनं आरोप काहीच केला नाही, पण शब्द असा तोंडात घोळवला की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकलीच. थोड्या वेळानं ऑथेल्लो म्हणतो, डेस्डेमोना ऑनेस्टच आहे असं मी मानतो. इयागो म्हणतो, ती तशीच राहो, आणि तुम्हीही तसंच मानत राहा! इथं खरी मेख आहे. इयागोचा ऑनेस्टपणा कुणी तपासत नाही. डेस्डेमोनाचा तपासायला पुरावा लागतो, नवऱ्यानं तिला दिलेला रुमाल लागतो, आणि तो रुमाल कॅसिओकडे पाहिल्याची कथा सांगणारा कोण, तर ऑनेस्ट इयागो.

चौथ्या अंकात ती बिचारी नवऱ्याला म्हणते, स्वामी मला ऑनेस्ट समजतात ना? तो म्हणतो, हो तर, खाटिकखान्यातल्या उन्हाळी माश्यांइतकी. त्याआधी इयागोची बायको एमिलिया तिच्यासाठी पैज लावायला तयार होते. डेस्डेमोना ऑनेस्ट नसेल, तर जगात एकही नवरा सुखी नाही, असं ठणकावते. तिच्यावर ऑथेल्लोचा विश्वास नाही. कुंटणीसुद्धा एवढं बोलेल, म्हणतो.

मग पाचवा अंक. ऑथेल्लोनं डेस्डेमोनाचा खून केलेला आहे. ती बदफैली होती हे ऑथेल्लोला सांगितलं कुणी, तर तुझ्या नवऱ्यानं, हे त्याच्या तोंडून ऐकून एमिलिया पुन्हा पुन्हा एवढंच विचारते: 'माझ्या नवऱ्यानं?' ऑथेल्लो वैतागतो. 'तुझ्याच नवऱ्यानं! शब्द कळतो ना? माझा मित्र, तुझा नवरा, ऑनेस्ट, ऑनेस्ट इयागो.'

त्यावर एमिलिया म्हणते, तो असं म्हणाला असेल, तर त्याचा आत्मा रोज अर्धा-अर्धा कण सडत राहो. धादांत खोटं बोलतो तो!