तारखेच्या आत काय असतं?

[स्क्रीनवर कॅल्कची कोरी शीट. एका सेलमधे १५/०८/१९४७]

हे कॅल्क, लिब्रेऑफिसमधला हिशोबाच्या शीटचा (स्प्रेडशीटचा) प्रोग्राम, आणि ही स्वातंत्र्यदिनाची तारीख. आता सेलचा फॉरमॅट बदलून नुसता नंबर करूया... १७३९४. म्हणजे आपल्याला तारीख दिसते पण आतमधे शीट फक्त दिवस मोजत असते, म्हणून तर एका तारखेतून दुसरी सरळ वजा करता येते.

कॅल्क ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरतं. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरतं, पण त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उजाडलाच नाही असा दिवसही मोजलाय, लोटस वन-टू-थ्री या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावं म्हणून मुद्दाम ठेवलेला, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे सारखे येतात.

[वाचनालयाचं काउंटर, पुस्तकांची देवघेव]

आता एखादं वाचनालय घ्या. सभासद, पुस्तकं, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, सगळं बेसच्या, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामच्या, डेटाबेसमधे. किती दिवस झाले, दंड किती, हा हिशोब शीटमधे सोपा पडतो. मग लोक काय करतात, डेटाबेसमधून फाईल काढतात आणि शीटमधे पेस्ट करतात, आणि घात होतो तो इथेच. सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस, असेल तर ०३/०४/२०२४, म्हणजे आपली ३ एप्रिल, गुपचूप ४ मार्च होऊन बसते. १३/०४/२०२४ ला तर तेरावा महिनाच सापडत नाही, मग ती नुसता मजकूर बनून सेलच्या डाव्या कडेला चिकटते. ती निदान नजरेत तरी येते हो, पहिली कोणाच्याच लक्षात येत नाही आणि दंड भलत्याच माणसाला बसतो.

त्यापेक्षा शीट थेट डेटाबेसला लिंक करा. बेसमधे त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट नको, डेट हवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. डेटाबेस लिब्रेऑफिसमधे रजिस्टर केलेला, म्हणजे त्याची तिथे नोंद केलेली असली की कॅल्कमधे कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबा, वरती डेटा सोर्सची पट्टी उघडते, त्यातलं टेबल धरून सेलवर आणून सोडा, झालं. तारीख आता तारीख म्हणूनच येते. बेसमधे नवीन नोंद झाली की शीटमधल्या त्या डेटावर क्लिक करून डेटा मेनूतून रिफ्रेश रेंज.

[सूत्राचा कॉलम जवळून]

शेजारच्या कॉलममधे परत आल्याची तारीख वजा दिल्याची तारीख. आणि हे बघा, एका ओळीत उणे ४५ हजारांच्या पुढचा आकडा! पुस्तक अजून आलेलंच नाहीये, सेल रिकामा आहे, रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्यातून आजकालची तारीख वजा केली की हेच होणार. म्हणून सूत्रात इफ घालायचा, परतीची तारीख रिकामी असेल तर तिच्या जागी टुडे, म्हणजे आजची तारीख घे. एवढं केलं की बाहेर असलेल्या पुस्तकाचे दिवसही रोज आपोआप वाढत राहतात.

जुने अंक जपणाऱ्या वाचनालयांनी तर कॅल्कच वापरावं असं मला मनापासून वाटतं. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख घेतच नाही, तिला मजकूर समजतं. कॅल्कमधे तीच तारीख उणे ६९३४ होते, आणि तिच्यावर वजाबाकी बिनदिक्कत चालते.