जड विमान, विरळ हवा

श्रोतेहो, ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार होत आली, त्यामुळे नाशिककरांच्या कानांना विमानाचा आवाज नवा नाही. आजचा विषय मात्र त्या लढाऊ विमानांचा नाही. लढाऊ विमान थोड्या वेळात मोठा जोर लावून काम उरकते. मोठ्या प्रवासी विमानाला शेकडो माणसे घेऊन, कमीत कमी इंधनात, बारा-चौदा तास हवेत राहायचे असते. अशा विमानाचा वेग, उंची आणि आकार हे तीन सुटे आकडे म्हणून सांगितले जातात. माझ्या मते ते एकाच हिशेबाचे तीन रकाने आहेत. एक बदलला की उरलेले दोन बदलावे लागतात.

आकारापासून सुरुवात करू. एअरबस ए-३८० हे सर्वांत मोठे प्रवासी विमान पूर्ण भरल्यावर सुमारे ५७५ टनांचे होते आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस मीटर आहे. भागाकार केला, तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जेमतेम ६८० किलो भार येतो. आता दुसरा आकडा पाहा. आपल्या डोक्यावरचे वातावरण समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांहून अधिक भार टाकत असते. म्हणजे पंखाच्या खालचा आणि वरचा दाब यांत या भाराच्या केवळ पंधराव्या हिश्श्याइतका फरक पडला, तरी ते अवाढव्य धूड उचलले जाते. विमानाचे वजन ऐकून आपण थक्क होतो. खरे तर थक्क व्हावे ते हवेच्या ताकदीने.

हा फरक कसा पडतो, याचे एक चुकीचे स्पष्टीकरण फार रुळले आहे. पंखाची पाठ फुगीर असल्याने वरच्या हवेला लांबचा रस्ता कापावा लागतो आणि खालच्या हवेला वेळेत गाठण्यासाठी ती जोरात धावते, असे सांगतात. हवेवर असे कोणतेही बंधन नाही. प्रत्यक्षात वरची हवा पंखाच्या मागच्या कडेला खालच्या हवेच्या आधीच पोहोचते. शिवाय सारे फुगीर पाठीवरच अवलंबून असते, तर लढाऊ विमान उलटे होऊन उडूच शकले नसते. पंख वाऱ्याशी थोडा तिरपा धरला की तो हवेचा प्रवाह खाली वळवतो, आणि हवा खाली ढकलल्याची प्रतिक्रिया म्हणून पंख वर रेटला जातो. दाबातला फरक ही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे.

हा उचलणारा जोर हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असतो, आणि इथेच उंचीचा प्रश्न येतो. ३५,००० फुटांवर, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी असते. तिथे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पंखाला जो जोर मिळतो, तो खाली ताशी ५०० किलोमीटरला मिळाला असता. हवेचा विरोधही जवळजवळ खालच्या ५०० इतकाच होतो. अंतर मात्र ९०० किलोमीटर कापले जाते. उंच उडण्याचा खरा लाभ हाच आहे. ‘विमान हवामानाच्या वरून जाते’ हे कारण आपल्याकडे तरी अर्धेच खरे, कारण उष्ण कटिबंधातले वादळी ढग पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत चढतात आणि वैमानिकांना त्यांना वळसा घालूनच जावे लागते.

मग आणखी वेगाने का जात नाहीत? त्या उंचीवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटरवर येतो. विमान त्याच्या ८५ टक्के वेगाने जात असले, तरी पंखाच्या पाठीवरची हवा ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते, तिथे आघात-लहरी, म्हणजे हवेच्या दाबातल्या अचानक उसळ्या, उठतात आणि विरोध झपाट्याने वाढतो. पंख मागे झुकवल्याने ही वेळ पुढे ढकलता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुझेमान यांनी १९३५ साली रोममधील परिषदेत मांडले होते. काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाने ती भिंत ओलांडली, पण शंभरेक प्रवाशांसाठी तिचा इंधनखर्च पेलणे अवघड गेले आणि २००३ साली तिची उड्डाणे थांबली.

आणखी उंच जाण्यालाही मर्यादा आहे. हवा जितकी विरळ, तितका तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग वाढतो, आणि तो ध्वनीच्या वेगाने घातलेल्या वरच्या मर्यादेला भिडू लागतो. म्हणूनच लांब पल्ल्याचे विमान सुरुवातीला जड असताना खालून जाते आणि इंधन जळून हलके झाले की टप्प्याटप्प्याने वर चढते. आत बसलेल्यांसाठी केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते. बोइंग ७८७ मध्ये तो दाब सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडा कमीच असतो.

विरळ हवेचा जाच जमिनीवरही जाणवतो. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते, म्हणून त्याच वजनाच्या विमानाला उडण्यासाठी अधिक वेग आणि अधिक लांब धावपट्टी लागते.

राहिली आकाराची मर्यादा. ती हवेइतकीच विमानतळांनीही घातली आहे, कारण सर्वांत मोठ्या वर्गासाठीसुद्धा पंखांचा पसारा ८० मीटरच्या आत ठेवावा लागतो. ए-३८० चा पसारा ७९.८ मीटर आहे. त्याखालच्या वर्गाच्या ६५ मीटरच्या मर्यादेत बसावे म्हणून बोइंगने ७७७एक्सच्या पंखांची टोके जमिनीवर दुमडता येतील अशीच केली; उडताना लांब पंख लागतात आणि विमानतळावर उभे राहायला जागा कमी, हा पेच त्यांनी तसा सोडवला. ए-३८० चे उत्पादन २०२१ साली थांबले. तोवर दोन इंजिनांची विमाने इतकी सक्षम झाली होती की, चार इंजिने पोसणे बहुतेक कंपन्यांना परवडेनासे झाले.