वाचताना डोळा कुठे असतो आणि लक्ष कुठे असते

श्रोतेहो, नमस्कार.

वाचन करताना आपली नजर ओळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत संथपणे सरकत जाते, असेच आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात डोळा छोट्या छोट्या उड्या मारत पुढे जातो आणि प्रत्येक उडीनंतर क्षणभर थबकतो. समोर बसून वाचणाऱ्या माणसाच्या बुबुळांकडे जवळून पाहिले, तर या उड्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. वाचणाऱ्याला मात्र त्यांची जाणीव नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत हे तुटक चलन नोंदवले गेले. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी बुबुळावर बसणारी प्लास्टरची लहानशी वाटी तयार केली आणि तिला जोडलेल्या हलक्या काटीने काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर डोळ्याच्या हालचालींच्या रेषा उमटवल्या. आज हेच काम कॅमेरे करतात.

सराईत वाचकाचा एकेक थांबा साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे पाव सेकंदाचा असतो आणि मधली उडी २० ते ३५ मिलिसेकंदांत संपते. उडी चालू असताना नवी माहिती जवळजवळ काहीच मिळत नाही. तेवढ्यापुरते दिसणे मेंदू दाबून ठेवतो, म्हणून पान हलल्यासारखे वाटत नाही. या उड्या माराव्या लागतात, कारण बारीक अक्षरे ओळखण्याची शक्ती दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका छोट्याशा खळग्यातच एकवटलेली आहे आणि त्याच्या वाट्याला समोरच्या दृश्याचा फक्त दोनेक अंशांचा भाग येतो. याचा पडताळा सहज घेता येतो. ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळा न हलवता उजवीकडचे शब्द वाचण्याचा प्रयत्न करा. लगतचा शब्द बहुधा लागेल, त्यापुढचा अंदाजाने, आणि त्याच्याही पलीकडे केवळ काळसर ठिपके व मधल्या मोकळ्या जागा उरतील.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. डोळा एका शब्दावर टेकलेला असताना लक्षही तिथेच असते का? १९७५ साली जॉर्ज मॅकाँकी आणि कीथ रेनर यांनी यासाठी एक विलक्षण युक्ती योजली. संगणकाच्या पडद्यावर वाचकाची नजर जिथे असेल तिथली मोजकीच अक्षरे खरी ठेवायची आणि बाकीचा मजकूर निरर्थक अक्षरांनी झाकायचा. डोळा हलला की ही खिडकीही त्याच्याबरोबर हलणार. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या बाबतीत खिडकी उजवीकडे सुमारे १४-१५ अक्षरांपर्यंत उघडी असली की वाचन नेहमीच्या वेगाने चालत असे, डावीकडे मात्र तीन-चार अक्षरे पुरत. हिब्रू ही उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी भाषा, आणि ती वाचणाऱ्यांमध्ये हा कल डावीकडे आढळला. दोन्ही भाषा जाणणारी तीच माणसे इंग्रजी वाचू लागली की तो पुन्हा उजवीकडे वळे. डोळे तेच, दृष्टिपटल तेच. बदलत होती ती लक्षाची दिशा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण डोळा पोहोचण्याआधीच लक्ष पुढच्या शब्दावर गेलेले असते, हे त्यातून उघड होते. ही आगाऊ चाहूल मिळाल्यामुळे पुढचा शब्द ओळखायला कमी वेळ लागतो आणि आखूड किंवा सहज अपेक्षित शब्द तर कित्येकदा नजर न टेकताच ओलांडले जातात.

डोळ्याने किती वेळ थांबायचे, हे कोण ठरवते, याचेही उत्तर अशाच प्रयोगांतून मिळाले. नजर टेकल्यानंतर अवघ्या ६० मिलिसेकंदांनी तो शब्द पडद्यावरून नाहीसा केला, तरी वाचन जवळपास सुरळीत चालते. इतकेच नव्हे, तर शब्द अनोळखी वळणाचा असेल, तर डोळा त्या रिकाम्या जागेवर अधिक काळ रेंगाळतो. पाहणे संपलेले असते, समजून घेणे चालू असते आणि डोळा त्याच्यासाठी थांबतो. मात्र पुढचा शब्दही तसाच पुसला, तर वाचन अडखळते.

मन भरकटते तेव्हा हे नाते सुटते. २०१० साली एरिक राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, लक्ष नसताना डोळे ओळींवरून फिरत राहतात खरे, पण थांबे लांबतात आणि नेहमीच्या व विरळ शब्दांवरील थांब्यांमधला फरक पुसट होतो. आपले लक्ष उडाले आहे, हे वाचकाच्या ध्यानात येण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांच्या हालचाली बदललेल्या असतात.

आणखी एका गोष्टीबद्दल आग्रहाने बोलावेसे वाटते. सराईत वाचकाच्याही सुमारे १० ते १५ टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. झटपट वाचनाचे वर्ग घेणारे या मागे वळण्याला वाईट सवय ठरवतात, आणि मुलांनाही ‘मागे पाहू नकोस’ असे बजावले जाते. हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. वाक्याचा अर्थ लावताना गफलत झाली, संदर्भ सुटला, की डोळा नेमका अडलेल्या जागी परततो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वाचून झालेला प्रत्येक शब्द नजर पुढे सरकताच झाकला जाई, त्यामुळे मागे वळून उपयोग नसे; अशा वाक्यांवरील प्रश्नांना वाचकांनी दिलेली उत्तरे अधिक प्रमाणात चुकली आणि हा फटका केवळ अवघड, द्व्यर्थी वाक्यांपुरता मर्यादित नव्हता, तर साध्या वाक्यांनाही बसला.